सिस्टरची सायकल

आमच्या घरात माणसं तीन आणि सायकली अकरा होत्या, आणि तरीही अठराव्या वर्षापर्यंत मी सायकलीवरून सेलूची वेस ओलांडलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बरंच मिरवणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याच्या हाताशी एवढी माहिती असलेली बरी.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं आणि भाड्यानं सायकली द्यायचं दुकान स्टेशन रस्त्याला होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मध्ये गोणपाटाचा पडदा. त्या पडद्यातून पंक्चरच्या सोल्युशनचा वास स्वयंपाकघरात यायचा आणि फोडणीचा वास दुकानात जायचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की दिवसभर एकसारखी घरघर कानावर असायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की मध्येच यंत्रं थांबली तर माय दचकून विचारायची, "काय झालं गं?" कापसाच्या गाड्या दारावरूनच जायच्या. हवेत उडणारा कापूस चेनच्या तेलाला, लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला आणि अण्णांच्या भुवयांना चिकटायचा. अण्णा कमी बोलायचे. चाक उलटं टांगून ते फिरवायचे आणि त्याची एकेक तार नखानं छेडून बघायचे. ताणलेली तार टणकन वाजते, ढिली तार मुकी राहते. "ऐकायला येतंय का फरक?" ते मला विचारायचे. मला काही ऐकू येत नसायचं, पण मी "हो" म्हणायची. माझ्या पुष्कळशा ज्ञानाचा पाया हा असा आहे.

तरी दुकानात वावरून बोलायला मात्र मी शिकले होते. गिऱ्हाईक आलं की अण्णांच्या आधी मीच निदान करायची. सायकल कशानंही अडो, मी सांगायची, "छर्रे गेले असतील." छर्रे, म्हणजे आसातल्या बारीक पोलादी गोळ्या, हा शब्द मला फार आवडायचा. गिऱ्हाईक अण्णांकडं बघायचं, अण्णा सायकलीकडं बघायचे, आणि निघायची चेन ढिली. पण पुढच्या गिऱ्हाइकाला मी पुन्हा छर्रेच सांगायची.

त्यात कॉलेजच्या वाचनालयात एका साप्ताहिकात मी दोन तरुणांची हकिकत वाचली. ते सायकलीवरून देश बघत हिंडले होते. फोटोत त्यांच्या मागं डोंगर होते आणि कपाळावर रुमाल बांधलेले होते. मला त्या रुमालांची भुरळ पडली. आठवड्याभरात मी 'मोहीम', 'टप्पा', 'मनोबल' असे शब्द वापरायला लागले, आणि एका दुपारी मुलींच्या खोलीत जाहीर करून टाकलं, की मी सेलूहून जिंतूर आणि जिंतूरहून डोंगर ओलांडून येलदरीच्या धरणापर्यंत सायकलीवर जाणार आहे. पाच-सहा जणी होत्या. दोघी हसल्या, एकीनं "बाई गं" म्हटलं. मला हवं होतं तेवढं कौतुक झालं होतं आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण कोपऱ्यात कुसुम बसली होती. ती म्हणाली, "येलदरीला माझे काका आहेत. धरणावर नोकरीला. त्यांच्याकडं उतरता येईल. मी येऊ का?"

कुसुम सेलूपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातून कॉलेजला यायची. भावाच्या जुन्या सायकलवर, जिच्या कॅरिअरला दुधाच्या कॅनच्या कड्या अजून तशाच होत्या. येताना दूध घालून यायची, जाताना पेंडीचं पोतं घेऊन जायची. बोलायची थोडं, अंगानं आडवी, आणि तिची वेणी कधी सुटायची नाही. मी तिच्याकडं बघून मनात म्हटलं, हिला डोंगर झेपायचा नाही, मला मध्येच थांबत बसावं लागणार. आणि मोठ्या मनानं म्हणाले, "ये. दमलीस तर सांग, लाजू नको."

आता परभणी जिल्ह्यात घाट म्हटलं की बाहेरची माणसं हसतात, हे मला ठाऊक आहे. आमचा मुलूख भाकरी थापल्यासारखा सपाट. पण ज्या माणसानं जन्मात फक्त रेल्वेच्या पुलाचा चढ चढलाय, त्याला जिंतूरच्या पुढचे डोंगर हिमालयाच्या जवळचेच वाटतात. हल्ली तो रस्ता रुंद झालाय. मागच्या वर्षी जावयाच्या गाडीतून गेले, तर चढ कधी आला आणि कधी संपला हे कळलंसुद्धा नाही. "हाच का तुमचा घाट?" जावई म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी विचारलं तेव्हा मायनं आधी नाही म्हटलं, मग कुसुम सोबत आहे आणि तिथं काका-काकू आहेत म्हटल्यावर अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. पण सात नंबर घेऊन जा. ती दगा न्हाई द्यायची."

सात नंबर म्हणजे आमची भाड्याची सर्वांत जुनी सायकल. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात मोठा सात काढलेला, दांडा उंच, घंटी सोडून सगळं वाजायचं. ती घेऊन मोहिमेवर जाणं म्हणजे रुमालाची सगळी शोभा गेली. पण मी गप्प राहिले, कारण त्याच आठवड्यात दुकानात सिस्टरची सायकल आली होती.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. पालमकडच्या, चाळिशीच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. आसपासच्या पाच-सहा खेड्यांत लस टोचायला आणि बाळंतपणाला त्या सायकलवर जायच्या, आणि त्या सायकलची निगा एखाद्या दागिन्यासारखी ठेवायच्या. हिरवी, लेडीज, चकाकणारी. अण्णांनी ती पुरती खोलून, तेलपाणी करून जोडत आणली होती, फक्त ब्रेकचे नवे रबर बसवायचे राहिले होते. शुक्रवारी सकाळी नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी अण्णांना पालमला जावं लागलं. निघताना ते म्हणाले, "सिस्टरच्या सायकलीला रबर मी आल्यावर बसिवतो. इतवारी येतो संध्याकाळी. तू नुसती पुसून ठेव. हात लावू नको."

मी पुसून ठेवली. मग हात लावला.

ब्रेकचं रबर ज्या लोखंडी खाचेत बसतं तिचं एक टोक बंद असतं आणि एक उघडं. बंद टोक पुढच्या बाजूला ठेवायचं असतं. फिरतं चाक रबराला पुढं ओढतं, तेव्हा ते त्या बंद टोकाला अडून राहतं. उलटं बसवलं, तर जोरात ब्रेक दाबल्याबरोबर रबर उघड्या टोकातून सुटून जातं. हे अण्णांनी मला दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा "हो" म्हटलं होतं. त्या शुक्रवारी मी चारही रबर अगदी नीटस बसवले आणि चारही उलटे बसवले. दुपारी दुकान लवकर बंद केलं, आणि सायकल नदीकडच्या रस्त्यानं फिरवून आणली. सपाट रस्त्यावर हलकेच दाबलेला ब्रेक लागला. माझ्या मते काम चोख झालं होतं, आणि एवढी चोख सायकल रविवारपर्यंत नुसती उभी ठेवणं मला पटेना. सिस्टर सोमवारी येणार असं मीच ठरवून टाकलं.

शनिवारी पहाटे मायनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला. ती पडद्याच्या आत होती तोवरच मी हिरवी सायकल बाहेर काढली. कपाळाला अण्णांचा रुमाल बांधला. कुसुम वेशीजवळ उभी होती. तिनं रुमालाकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं आणि विचारलं, "ही सिस्टरांची ना?"

"दिलीय त्यांनी," मी म्हणाले.

दिवसातली पहिली थाप ही. दुसरी याहून वाईट होती.

सकाळचे पहिले दोन तास फार सुखाचे गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरी पिवळ्या झालेल्या, थंड वारा पाठीवर. वारा पाठीवर आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही, मला तो माझ्या पायांचा पराक्रम वाटला. पहिल्या थांब्याला मी वही काढली आणि लिहिलं, 'हवामान अनुकूल. मनोबल उत्तम.' ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात एवढंच लिहिलेलं आहे. जिंतूर येईतो माझे तळवे सोलले होते, मांड्या थरथरत होत्या आणि मी चार धपाटे संपवले होते. कुसुमनं एक खाल्ला, डबा धुतला, माझ्या चाकात हवा कमी आहे का ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "निघायचं का?"

जिंतूर सोडल्यावर डोंगर समोर दिसायला लागले, आणि थोड्याच वेळात ते समोर राहिले नाहीत, आम्ही त्यांच्यावर होतो. पहिल्या वळणापर्यंत मी पायडलवर उभी राहून सायकल मारली, कारण फोटोतले तरुण तसे उभे होते. दुसऱ्या वळणावर मी सीटवर बसले. तिसऱ्या वळणावर उतरले आणि चेन तपासायचं निमित्त केलं. कुसुम शेजारून गेली. ती उभी राहिली नाही, वाकली नाही, जोर करतेय असंही दिसलं नाही. रोजच्या दुधाच्या चालीनं एक पाय, मग दुसरा पाय, असं करत ती वळणाआड गेली. जाताना म्हणाली, "दमलीस तर सांग." टोमणा नव्हता तो. मीच शिकवलेलं वाक्य तिनं सरळ मनानं परत दिलं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं.

मी सायकल ढकलत निघाले. ऊन चढलं होतं. रुमाल डोळ्यांवर घसरत होता. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला आणि मेंढरांचा कळप मला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढं जायला लागला. शंभरेक मेंढरं असतील. त्यातलं प्रत्येक माझ्यापेक्षा वेगात होतं. त्यांच्या मागं एक बाई, डोक्यावर गाठोडं, हातात काठी, वय माझ्या मायच्याहून दहा वर्षं जास्त. पुढं कळलं तिचं नाव धुरपताबाई. ती माझ्या बरोबरीला आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ए बाई, ती सायकल तुला न्यायलीय का तू सायकलीला न्यायलीस?"

मी श्वास सापडेल तसं सांगितलं, "आम्ही मोहिमेवर आहोत."

"कशावर?"

"मोहिमेवर."

"मंग ती दुसरी पोरगी सायकलीवर बसून कशी काय गेली? तिला मोहीम न्हाई वाटतं."

तिनं आपल्या बाटलीतलं पाणी मला पाजलं, माझ्या रुमालाची गाठ सोडून तो मानेवर टाकला, "उन्हाचा चटका तिथं लागतोय" म्हणाली, आणि कळपासोबत आडवाटेनं वर निघून गेली. मला माथ्यावर पोचायला अजून पाऊण तास लागला. कुसुम तिथं एका दगडावर बसून बोरं खात होती. ओंजळभर तिनं माझ्यासाठी ठेवली होती.

आता खरं तर शहाणपणानं वागायची वेळ होती. पण माझ्या मनात एकच गोष्ट होती, की उतार आपला आहे. चढताना पाय लागतात, उतरताना हिंमत लागते, आणि हिंमत माझ्याकडं भरपूर आहे असं मी धरून चालले होते. कुसुम म्हणाली, "हळू उतरू. वळणं दिसत न्हाईत." मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत निघाले. वारा कानात शिरला. सायकल इतकी हलकी झाली की मला वाटलं हीच ती मोहीम, हाच तो फोटो. मी ओरडलेसुद्धा. काय ओरडले ते सांगत नाही.

वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मेंढरं. आडवाटेनं गेलेला कळप खाली पुन्हा रस्त्याला लागला होता. मी दोन्ही ब्रेक सगळ्या ताकदीनं दाबले. एक क्षण सायकल ओढली गेल्यासारखी झाली, मग टक् असा आवाज झाला, पुन्हा टक् झाला, काहीतरी काळं उडून रस्त्यावर पडलं आणि सायकल आधीपेक्षा जोरात सुटली. नुसतं लोखंड रिमवर करकरत होतं. धुरपताबाईची हाक ऐकू आली. मी हँडल वळवलं, पुढचं चाक दगडावर आदळलं आणि मी मेंढरांच्या लोकरीवर जाऊन पडले. ते बिचारे जीव नसते तर हे प्रकरण लिहायला मी उरले असते की नाही, सांगता येत नाही.

कळप दोन्ही बाजूंना फुटला. मी उठून बसले तर कोपर सोललेलं, ओठ फुटलेला, बाकी धड होते. पण एक कोकरू रस्त्यातच बसून होतं आणि त्याचा मागचा पाय चुकीच्या जागी वाकला होता. धुरपताबाई त्याच्यापाशी बसली. तिनं त्याचा पाय चाचपला. मग माझ्याजवळ येऊन माझे हातपाय तसेच चाचपले.

"तुझं काही मोडलं का?"

"न्हाई."

"मंग रडायलीस कशाला? ज्याचं मोडलंय ते गप हाय बघ."

तेवढ्यात कुसुम पोचली. आधी माझ्याकडं आली, मग मागं जाऊन रस्त्यावर पडलेलं रबर उचलून आणलं. रोज उताराला दुधाचे कॅन घेऊन ब्रेक मारणारी पोरगी ती, तिनं सायकलीची खाच एकदाच बघितली.

"शके," ती हळू आवाजात म्हणाली, "हे उलटं बसलंय."

मी म्हणाले, "अण्णांनी बसवले होते."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी विचारही केलेला नव्हता. सगळ्या गावात ज्या माणसाच्या हाताला नाव होतं, त्याच्यावर मी ते तीन शब्दांत टाकून दिलं. कुसुमनं रबर खिशात ठेवलं. तिनं काहीतरी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आज इतक्या वर्षांनीही वाटतं.

धुरपताबाईनं निरगुडीच्या काड्या तोडल्या, माझ्या ओढणीच्या पट्ट्या फाडल्या आणि कोकराचा पाय सरळ करून बांधला. त्यानं एकदाच बारीक आवाज काढला. मी दुसरीकडं तोंड केलं, तर ती म्हणाली, "हिकडं बघ. तू केलंस ना? मंग धर त्याला." मी त्याचं डोकं धरून बसले. बांधून झाल्यावर ती उठली. "आमचा तळ खाली हाय, कोसभर. ह्याला चालता येत न्हाई. घे खांद्यावर."

सिस्टरच्या सायकलीचं पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं होतं. कुसुमनं तिचा पुढचा भाग आपल्या कॅरिअरला दुधाच्या दोरीनं बांधला आणि दोन्ही सायकली ओढत निघाली. मी मागून कोकरू घेऊन. पहिल्या फर्लांगात ते माझ्या मानेवरून पाठीपर्यंत मुतलं. माझी मोहीम डोंगरावरून खाली आली ती अशी. वाटेत येलदरीहून येणारी एक एसटी थांबली, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून बघितलं आणि काहीही न विचारता निघून गेला.

तळावर पोचल्यावर धुरपताबाईनं आम्हाला ज्वारीची भाकरी आणि तिखट लसणाची चटणी दिली. मी विचारलं, "ते वाचेल का?" ती म्हणाली, "पाय बसंल. जरा फेंगडं चालंल. तुझ्यावानी." आणि पहिल्यांदा हसली. मी मात्र भाकरी खाता खाता कुसुमला म्हणाले, "रबर मी बसवले होते." कुसुम म्हणाली, "माहीत हाय." भाकरी मोडत पुढं म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

कुसुमच्या काकांकडं रात्र काढून दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही सायकली एसटीच्या टपावर टाकून परत आलो. धरण बघितलं का, असं अजूनही लोक विचारतात. नाही बघितलं.

दुकानात शिरलो तर अण्णा आधीच आले होते. सात नंबर जागेवर आणि हिरवी गायब, म्हणजे त्यांना सगळं कळलंच होतं. मायचे डोळे रडून सुजले होते. तिनं माझं कोपर बघितलं आणि हळद आणायला आत गेली. अण्णांनी वाकड्या चाकाकडं बघितलंसुद्धा नाही. ते ब्रेकच्या खाचेवरून बोट फिरवत होते.

"तू बसिवले?"

"हो."

"हात लावू नको म्हणलो होतो."

"हो."

"हो म्हणायलीस," ते म्हणाले, "पण तुला ऐकायला येतंय का?"

ते मला चिडून काही बोलले असते तर मी उलट बोलले असते. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

सिस्टर दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. अण्णा पायरीखालीच उभे राहिले. मी त्यांच्या मागं. अण्णा म्हणाले, "सिस्टर, तुमची सायकल मोडली. पुढचं चाक गेलं. ब्रेकचं काम चुकलं होतं. चूक माझी हाय. दुकान माझं हाय."

डोंगरावर मी जे खोटं त्यांच्या माथी मारलं होतं, तेच ते इथं स्वतःहून डोक्यावर घेत होते. आणि मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलंही असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी पुढं आले.

"त्यांची चूक न्हाई. ते गावात नव्हते. ब्रेक मी बसवले, उलटे बसवले. आणि सायकल न विचारता नेली."

सिस्टरांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"शुक्रवारी संध्याकाळी मी आले होते," त्या म्हणाल्या. "सायकल झाली का बघायला. दुकान बंद होतं. उघडं असतं तर घेऊन गेले असते. शनिवारी सकाळी मला लसीला जायचं होतं."

येताना एसटीत मी एक युक्तिवाद तयार करून ठेवला होता, की बरं झालं मी सायकल नेली, नाहीतर सिस्टरच पडल्या असत्या. तो फार हुशारीचा वाटला होता. तिथं ओट्यापुढं तो तोंडातून निघेना. आजवर निघालेला नाही.

"चाक कधी होईल?" सिस्टरांनी अण्णांना विचारलं.

"रिम परभणीहून मागवावी लागंल. आठ दिवस."

"मग आठ दिवस ही मला नेईल," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला ये."

म्हणून आठ दिवस मी सात नंबर चालवली, कॅरिअरवर सिस्टर, त्यांच्या मांडीवर लसीची पेटी. पहिल्या दिवशी मी दोनदा पडता पडता वाचले. सिस्टर मागून शांतपणे सांगायच्या, "खड्डा." मी खड्ड्यातून गेल्यावर म्हणायच्या, "हाच म्हणाले." वारा समोरून असला की कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. खेड्यात पोचलो की बाया सिस्टरांच्या आधी माझ्याकडं बघायच्या, "ही कोण नवी?" सिस्टर म्हणायच्या, "ही माझी सायकल." त्यावर सगळ्या हसायच्या आणि मला पाणी द्यायच्या. एका घरी बाळंतपण अडलं होतं. मी सकाळपासून ओसरीवर बसून होते, आतून त्या बाईचं कण्हणं आणि सिस्टरांचा तोच शांत आवाज येत होता, जसा मला खड्डा दाखवताना असायचा. दुपारी बाळ रडलं. सिस्टर बाहेर आल्या, हात धुतले, आणि म्हणाल्या, "चल, उशीर झाला, अजून एक गाव आहे." माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "तुला काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई." सेलूहून त्या खेड्यांकडं जाताना ओढ्यावर एक उतार लागायचा, खाली अरुंद फरशी पूल आणि दोन्ही बाजूंना दगड. पहिल्या दिवशी तिथं आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "इथं मी रोज जोरात ब्रेक मारते." एवढंच. पुढचे सात दिवस मी त्या उतारावर त्यांना उतरवून सायकल हातात धरून नेली, आणि त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

हल्ली परभणीत रविवारी सकाळी गिअरच्या सायकली आणि डोक्यावर टोप घातलेली डॉक्टर, प्राध्यापक मंडळी आमच्या कॉलनीतून जातात. परवा त्यातल्या एकानं फाटकाशी पाणी मागितलं आणि सहज विचारलं, "काकू, तुम्ही कधी सायकल चालवलीत का?" मी म्हटलं, "थोडीफार. ओझ्याची." त्याला काही कळलं नाही. मला गुडघा दुखत होता, म्हणून मीही वाढवलं नाही.

नवव्या दिवशी रिम आली. अण्णांनी चाक विणलं, टांगलं, फिरवलं आणि तारा छेडल्या. सिस्टर दुकानात स्टुलावर बसून बघत होत्या. शेवटी अण्णांनी ब्रेकचे नवे रबर हातात घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तिला द्या."

अण्णा थांबले. "मी बसिवतो सिस्टर. दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाई. तिनंच बसवायचे."

अण्णांनी रबर माझ्या हातात दिले आणि गोणपाटाच्या पडद्याआड पाणी प्यायला निघून गेले. ते मुद्दाम गेले होते. चार रबर बसवायला मला अर्धा तास लागला. प्रत्येक खाचेचं बंद टोक पुढं आहे ना, हे मी बोटानं, मग डोळ्यांनी, मग पुन्हा बोटानं बघितलं. झाल्यावर म्हणाले, "सिस्टर, आधी मी चालवून बघते."

"कशाला?" त्या म्हणाल्या. पेटी कॅरिअरला अडकवली, पदर खोचला, सायकलीवर बसल्या आणि निघाल्या.

मी त्यांच्या मागं पळाले. स्टेशन रस्त्यानं, कापसाच्या गाड्यांमधून, अनवाणी. "सिस्टर, ब्रेक मारून बघा! सिस्टर, एकदा मारून बघा!" रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. त्यांनी ब्रेक मारला नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही. नुसती घंटी वाजवली आणि ओढ्याकडच्या रस्त्याला लागल्या. मी वेशीपर्यंत पळत गेले आणि त्या दिसेनाशा झाल्यावरही तिथंच उभी राहिले, त्या परत येईपर्यंत.